समेवर ठोका नसलेलं राष्ट्रगीत

(पडदा काळा. आधी फक्त बास गिटार, मग हळूच ड्रम.)

जानेवारी १९७९. जमैकातलं किंग्स्टन, डायनॅमिक साउंड्स स्टुडिओ. पॅरिसहून दोघं आले आहेत. एक निर्माता फिलिप लेरिशोम. दुसरा पन्नाशीचा, दाढीचे खुंट वाढलेला, बोटांत सतत सिगारेट. हा गायक-गीतकार सर्ज गेन्सबूर. फ्रान्समध्ये त्याचा चेहरा घरोघरी माहीत आहे, पण या खोलीत त्याला कुणीच ओळखत नाही.

समोरचे वादक मात्र रेगेतले, म्हणजे जमैकाच्या त्या संथ ठेक्याच्या संगीतातले, अव्वल. ड्रमवर स्लाय डनबार, बासवर रॉबी शेक्सपिअर. कोरसला रीटा मार्ली, मार्शिया ग्रिफिथ्स आणि ज्युडी मोवॅट, म्हणजे रेगेचा सर्वांत नामवंत गायक बॉब मार्ली याच्या मागे गाणाऱ्या त्याच तिघी.

सुरुवातीला सगळेच अवघडलेले. गेन्सबूरने विचारलं, फ्रेंच संगीतातलं काही ऐकलंय का तुम्ही? वादक हसले. मग आठवलं, हो, एक गाणं माहीत आहे, त्या उसासे टाकणाऱ्या मुलीचं. म्हणजे जेन बर्किनबरोबरचं १९६९ चं 'ज तेम... म्वा नों प्लु'. बीबीसीने त्यावर बंदी घातली होती, तरी ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. गेन्सबूर म्हणाला, ते माझंच आहे. तिथून पुढे काम सुरू झालं, आणि आठवड्याभरात अख्खा अल्बम टेपवर आला.

(जुन्या रेकॉर्डची मुखपृष्ठं एकापाठोपाठ एक.)

गेन्सबूर इतक्या लांब का आला होता? दुसऱ्यांसाठी लिहिलेली त्याची गाणी धो धो चालायची. त्याच्याच गाण्यावर फ्रान्स गाल या गायिकेने १९६५ मध्ये युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली. स्वतःच्या अल्बमना मात्र गिऱ्हाईक कमी. १९७१ चा 'इस्त्वार द मेलोडी नेल्सन' आज जाणकार डोक्यावर घेतात, पण तेव्हा तो फारसा खपला नव्हता. १९७६ च्या अल्बममध्ये त्याने एक रेगे गाणं करून पाहिलं होतं. आता तो ठेका त्याला त्याच्या घरी जाऊनच हवा होता.

हा ठेका नीट ऐकायला हवा. आपल्या कानाला समेवर ठोका लागतो, सम आली की मान हलते. रेगेच्या मूळ चालीत उलटं असतं. चार मात्रांतली पहिली मोकळी सोडायची आणि जड ठोका तिसरीवर टाकायचा. गिटार मधल्या फटींत तुटक तुटक वाजते, आणि सुरावट खरी चालवते ती बास. मार्चचा ठेका पाऊल आपटायला लावतो, रेगेचा गुडघे सैल करतो.

या मोकळ्या जागेत गेन्सबूर गात नाही, बोलतो. अगदी माइकला ओठ लावून, जडावलेल्या आवाजात, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळत. सूर धरायचं काम त्या तिघींकडे. माझ्या मते या रेकॉर्डचं सगळं यश इथे आहे. वादकांनी त्याच्यासाठी आपला ठेका बदलला नाही, आणि त्यानेही जमैकन असल्याचा आव आणला नाही.

(अल्बमचं शीर्षकगीत सुरू होतं.)

आणि मग हे गाणं. शब्द ओळखीचे आहेत, 'ला मार्सेयेझ', फ्रान्सचं राष्ट्रगीत. १७९२ च्या एप्रिलमध्ये स्त्रासबूर शहरात रुजे द लील या लष्करी अधिकाऱ्याने एका रात्रीत लिहिलेलं युद्धगीत. गेन्सबूरने विश्वकोश उघडला तेव्हा तिथे 'शस्त्रं उचला, नागरिकांनो' हे ध्रुवपद पुन्हापुन्हा न छापता 'शस्त्रं उचला, वगैरे' एवढंच दिलेलं होतं. त्याने तेच उचललं. 'ओझार्म एत्सेतेरा'. कडवी त्याने बोलत म्हटली, आणि ध्रुवपदाला तिघी जमैकन बायका गोड आवाजात 'वगैरे' म्हणतात.

अल्बम मार्चमध्ये बाजारात आला आणि त्याच्या आधीच्या कुठल्याही अल्बमपेक्षा जोरात खपला. जूनमध्ये 'फिगारो मॅगझीन'मध्ये मिशेल द्रुआ या लेखक-पत्रकाराने त्याच्यावर तोफ डागली. राष्ट्रगीताची विटंबना झाली, हा आरोप होताच. त्यापुढे जाऊन, अशा वागण्याने गेन्सबूर ज्यूद्वेषाला खतपाणी घालतो, असंही त्यात होतं. रशियातून आलेल्या ज्यू आईबापांचा हा मुलगा. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, शाळेच्या वयात, त्याने ज्यूंवर सक्तीचा असलेला पिवळा तारा छातीवर लावला होता. त्याच्यासाठी हे वाक्य काय असेल, ते शब्दांत सांगता येणार नाही.

(रंगमंच. रिकामा माइक.)

त्या डिसेंबरात तो सुमारे पंधरा वर्षांनी पुन्हा रंगमंचावर उभा राहिला, पॅरिसच्या 'पॅलास' नाट्यगृहात, जमैकन वादकांना घेऊन. मग दौरा. ४ जानेवारी १९८० ला मुक्काम स्त्रासबूर. जिथे हे गीत जन्मलं, तेच शहर.

राष्ट्रगीताच्या या रूपावर चिडलेले, लाल टोप्या घातलेले माजी छत्रीधारी सैनिक सभागृहात येऊन बसले होते. वादकांना धोका पत्करायला लावायचं नाही, म्हणून ते मंचावर आलेच नाहीत. गेन्सबूर एकटा आला. चेहरा पांढरा पडलेला. मी बंडखोर आहे, आणि मी या गीताला त्याचा मूळ अर्थ परत दिला आहे, असं त्याने सांगितलं. मग मूठ उंचावून, कुठल्याही साथीशिवाय, त्याने ते मूळ चालीत गायला सुरुवात केली.

ना बास, ना ड्रम. आयुष्यभर बोलत गाणारा माणूस त्या रात्री खरोखर गायला. समोरचे सैनिक उठून ताठ उभे राहिले. राष्ट्रगीत सुरू असताना त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं. गाणं संपल्यावर गेन्सबूरने त्यांना हाताने एक सणसणीत खूण केली आणि तो निघून गेला.

(एक जुना पिवळसर कागद. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

डिसेंबर १९८१. व्हर्सायला एक लिलाव. रुजे द लीलने स्वहस्ते लिहिलेली 'मार्सेयेझ'ची प्रत विक्रीला निघाली होती. गेन्सबूरने ती १,३५,००० फ्रँकला घेतली.

त्या कागदावर, ध्रुवपद पुन्हा येतं त्या जागी, रुजे द लीलच्या हस्ताक्षरात पूर्ण ओळ नाही. तिथे 'वगैरे' आहे.