न मोजलेले तास

[दृश्य: दोन तळहात, अगदी जवळून.]

हे हात बघा. बोटांच्या मुळाशी ओळीनं घट्टे. त्यातला एक कालच सोलला गेलाय, त्यावर पांढरी चिकटपट्टी. याच हातात आता पेन आहे आणि पुढ्यात ऑरगॅनिक केमिस्ट्रीची वही. सकाळचे साडेनऊ. वर्गातल्या बाकीच्या मुलांचा दिवस आत्ता कुठे उजाडतोय. हिच्या दिवसाचे चार तास होऊनही गेले.

हे अमेरिकेतलं मिशिगन विद्यापीठ. गाव ॲन आर्बर. गावाची ओळख विचारली तर माणसं आधी अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम सांगतात. त्याची क्षमता १,०७,६०१. शनिवारी सामना असला की जवळजवळ गावाच्या लोकसंख्येएवढी माणसं एका जागी बसतात. अमेरिकेतला कॉलेज खेळाडू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेच येतं: प्रखर दिवे, बँडचा गजर, टीव्हीचे कॅमेरे. पण कॉलेजांमधले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या छत्राखाली देशभरात पाच लाखांहून जास्त विद्यार्थी खेळतात आणि त्यातल्या बहुतेकांचा सामना बघायला येतात ते घरचे आणि मित्रमैत्रिणी. आपण त्यांच्याकडे जाऊ या. स्टेडियमपासून दूर, पाण्यावर.

जिचे हात पाहिले तिला आम्ही नाव दिलेलं नाही. तिच्यासारख्या अनेकींचे दिवस जोडून हा एक दिवस उभा केलाय.

[दृश्य: काळोख. तळ्याचा काठ. होड्यांची शेड.]

ॲन आर्बरच्या पूर्वेला बेलव्हिल नावाचं तळं आहे. विद्यापीठाचा महिला रोइंग संघ तिथे सराव करतो. आठ जणींची होडी साधारण अठरा मीटर लांब. ती शेडमधून बाहेर काढायची, डोक्यावर उचलायची आणि धक्क्यापर्यंत चालत न्यायची. कुणी एकीनं पाऊल चुकवलं तर सगळ्यांचा तोल जातो, म्हणून बोलायचं फक्त कॉक्सनं. कॉक्स म्हणजे होडीत बाकीच्यांकडे तोंड करून बसणारी नववी मुलगी. सुकाणू तिच्या हाती. वल्हवणाऱ्या आठही जणींची पाठ शर्यतीच्या दिशेला असते. आपण कुठे चाललोय हे त्यांना दिसत नाही. पुढचं फक्त कॉक्सला दिसतं, आणि तिच्या आवाजावर आठ वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरतात.

किमान शिरायला हवीत. एखादं वल्हं तिरकं शिरलं तर पाणी ते धरून ठेवतं आणि त्याची मूठ उलटी फिरून छातीवर आदळते. पहिल्या वर्षी हे प्रत्येकीच्या वाट्याला येतं. पहिल्या वर्षात एवढं शिकायचं असतं याचं कारण असं, की यातल्या कित्येकींनी विद्यापीठात येईपर्यंत वल्ह्याला हात लावलेला नसतो. कुणी शाळेत बास्केटबॉल खेळलेली, कुणी पोहणारी. उंची, खांदे आणि चिकाटी बघून प्रशिक्षक त्यांना बोलावत आलेत.

यामागे एक कायदा आहे. १९७२ साली ‘टायटल नाइन’ आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलींना मुलांइतकीच संधी मिळाली पाहिजे, असं त्यानं ठरवलं. विद्यापीठांच्या फुटबॉल संघात शंभराच्या आसपास मुलं असतात आणि त्याच्या जोडीचा तेवढा मोठा महिला संघ दुसऱ्या कुठल्या खेळात सहज होत नाही. रोइंगमध्ये होतो. म्हणून विद्यापीठांनी महिला रोइंगवर पैसा लावला आणि १९९७ पासून एनसीएएची महिला रोइंग स्पर्धा सुरू झाली. पुरुषांचं रोइंग मात्र आजही एनसीएएच्या बाहेर आहे. कायद्याच्या हिशेबातून जन्मलेला संघ म्हणून कुणी याला कमी लेखू नये. पहाटे गोठवणाऱ्या वाऱ्यात त्या होडीत बसणारी मुलगी हिशेब पुरा करायला बसलेली नसते.

साडेसातला होडी परत शेडमध्ये. ओल्या कपड्यांवरच जॅकेट चढवून मुली गाडीत बसतात. नाश्ता गाडीत, केस वाळवणं गाडीत, प्रश्नमंजूषेची उजळणीही गाडीत.

[दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. मग वेळापत्रकाचा कागद.]

आता नियम ऐका. हंगामात खेळासाठी आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला जास्तीत जास्त ४ तास आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. हंगाम नसताना आठवड्याला ८ तास. हा एनसीएएचा नियम आहे आणि त्याची नोंद ठेवावी लागते.

ऐकायला बरं वाटतं. पण काय मोजायचं नाही, त्याची यादी लांबलचक आहे. तळ्यापर्यंतचा प्रवास मोजायचा नाही. दुखऱ्या खांद्यावर उपचार घेण्यात गेलेला वेळ मोजायचा नाही. ‘स्वेच्छेनं’ केलेला व्यायामही मोजायचा नाही. आता संघातल्या सगळ्या मुली रविवारी संध्याकाळी रोइंग मशिनवर बसलेल्या असतील, तर एकटीनं खोलीत राहण्याची इच्छा कुणाला होईल? आणि स्पर्धेचा दिवस, तो कितीही लांबला तरी, ३ तासच धरायचा. पहाटे पाचला हॉटेल सोडायचं, दोन हजार मीटरची शर्यत सात मिनिटांच्या आत-बाहेर संपवायची, दुपारी पुन्हा उतरायचं, संध्याकाळी होड्या ट्रेलरवर चढवायच्या. कागदावर ३ तास.

एनसीएएनं खेळाडूंनाच विचारलं, तेव्हा २०१५ च्या पाहणीत डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरावरच्या, खेळाडूंचा हंगामातला मध्यक (निम्मे याच्या वर, निम्मे खाली) निघाला आठवड्याला ३४ तास. नियम २०, आयुष्य ३४. मधले १४ तास येतात ते झोपेतून, मित्रांमधून आणि लायब्ररीतून. पुढे २०१७ साली मोठ्या विद्यापीठांनी आणखी एक नियम केला: रात्री ९ ते सकाळी ६ या वेळातले सलग ८ तास मोकळे सोडायचे, त्यात सक्तीचा सराव ठेवायचा नाही. मुलांना झोपू द्या, हे नियमाच्या पुस्तकात लिहावं लागलं, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

अभ्यासाचं घड्याळ वेगळं, आणि ते अजिबात थांबत नाही. पूर्णवेळ विद्यार्थी राहायचं तर सत्राला किमान १२ क्रेडिट. दुसरं वर्ष संपेपर्यंत पदवीचा ४० टक्के अभ्यासक्रम पूर्ण हवा, तिसऱ्या वर्षाअखेर ६०, चौथ्याअखेर ८०. टक्का चुकला की खेळायची परवानगी गेली. त्यामुळे विषय बदलणं अवघड होऊन बसतं. तिसऱ्या वर्षी एखादीला वाटलं की आपल्याला रसायनशास्त्र नको, स्थापत्य हवंय, तर आधीचे किती क्रेडिट नव्या पदवीत धरले जातील याचं गणित आधी करावं लागतं. त्यात दुपारच्या प्रयोगशाळा सरावाच्या वेळेला आडव्या येतात. म्हणून खेळाडू कधी कधी आवडीचा विषय सोडून वेळापत्रकात बसणारा विषय घेतात. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत मोठं नुकसान हेच, आणि ते कुठल्याही गुणफलकावर दिसत नाही.

दौऱ्यावर परीक्षा आली तर ती हॉटेलच्या एखाद्या रिकाम्या खोलीत होते. संघासोबत आलेला कुणी शिक्षण सल्लागार समोर बसतो, सीलबंद पाकीट फोडतो, वेळ लावतो. खालच्या लॉबीत दुसऱ्या संघांच्या मुली जमलेल्या असतात.

प्रवासाचं तर विचारू नका. २ ऑगस्ट २०२४ पासून आपापसांत सामने खेळणाऱ्या मिशिगनच्या ‘बिग टेन’ गटात १८ विद्यापीठं आहेत, पूर्वेला न्यू जर्सीपासून पश्चिमेला लॉस एंजेलिसपर्यंत. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठं ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या गटात गेली. त्यांच्या दारात समुद्र आहे तो प्रशांत. हे घडलं प्रामुख्यानं फुटबॉलच्या प्रक्षेपणाच्या पैशासाठी. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदाच खेळतो. व्हॉलीबॉलच्या मुली आठवड्यात दोनदा खेळतात आणि देश ओलांडून परत आल्यावर सकाळी वर्गात हजर असतात.

[दृश्य: संघाचं जेवणघर. भरलेली ताटं.]

या ताटांचीही गोष्ट आहे. पूर्वी एनसीएएचे खाण्याबद्दलचे नियम इतके बारीक होते, की विद्यापीठानं खेळाडूला फळं, दाणे आणि बेगल (मधे भोक असलेला गोल पाव) द्यावेत, पण बेगलवर लावायला काही देऊ नये, असंही त्यात होतं. लावलं की तो नाश्ता न राहता जेवण व्हायचा, आणि जेवणावर मर्यादा होती. एप्रिल २०१४ मध्ये कनेटिकट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर यानं उघडपणे सांगितलं, की कित्येक रात्री तो उपाशी झोपतो. त्याच महिन्यात त्याचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला आणि त्याच महिन्यात जेवणावरची मर्यादा उठवण्याचा निर्णय झाला. एका पोरानं खरं बोलायचं धाडस केलं, त्यानं हा प्रश्न सगळ्यांपुढे आला. आज ही ताटं भरलेली आहेत.

‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दही असाच तपासून बघण्यासारखा. १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका लहान कॉलेजच्या सामन्यात रे डेनिसन नावाचा खेळाडू डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीनं कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. त्या काळात एनसीएएचे प्रमुख होते वॉल्टर बायर्स. खेळाडूंना नोकर ठरवलं जाण्याची धास्ती होती, त्यातून हा शब्द घडवून सगळीकडे रुजवला, हे त्यांनी स्वतःच पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं. शब्दाचा जन्म वकिली गरजेतून झाला. तरीही आज या मुली तो स्वतःबद्दल मनापासून वापरतात.

पैशाचं चित्र अलीकडे पालटलं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं. ६ जून २०२५ ला न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठ थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. रोइंगच्या वाट्याला आली ती संघातल्या जागांवरची नवी मर्यादा. शिष्यवृत्तीशिवाय, निव्वळ हौसेनं संघात येणाऱ्या ‘वॉक-ऑन’ मुलींसाठी दार अरुंद झालं. कधी वल्हं न धरलेल्या उंच मुलीला आता कुणी सहज बोलावणार नाही, याचं वाईट वाटतं.

परदेशातून आलेल्या खेळाडूचा प्रश्न आणखी वेगळा. विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत जाहिरातीची कमाई करणं जवळपास अशक्य. आपला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकताना २०१८ आणि २०२२ असा दोनदा उंच उडीत एनसीएए विजेता झाला. पुढे राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं कांस्यपदक आणलं. परक्या देशात, परक्या थंडीत, हेच दोन घड्याळांचं गणित सांभाळून.

[दृश्य: मे महिन्याची अखेर. शर्यतीनंतरचा काठ.]

राष्ट्रीय स्पर्धेत विद्यापीठाच्या तीन होड्या उतरतात: आठ जणींच्या दोन, चार जणींची एक. कॉक्ससह २३ मुली. संघ त्याहून कितीतरी मोठा असतो. बाकीच्या काठावरून ओरडतात. एनसीएएच सांगते, की तिच्या खेळाडूंपैकी दोन टक्क्यांहून कमी जण पुढे व्यावसायिक खेळाडू होतात. रोइंगमध्ये तर तसा व्यवसायच नाही. चौथ्या वर्षाच्या मुलींना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

शेवटची शर्यत झालीय. आपली मुलगी बूट काढून गवतावर बसलीय. आई-वडील फोटोसाठी थांबलेत. ती उठते, पाना घेते आणि होडीच्या बाजूचे, वल्ह्यांना आधार देणारे धातूचे हात एकेक करून सोडवू लागते. नट डबीत, डबीवर होडीचं नाव. शेजारी पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी आहे. कुठला नट आधी सोडायचा हे तिला अजून नीट जमत नाही. ही तिचा हात धरून पाना योग्य जागी बसवते, आणि दोघी मिळून तो फिरवतात.