आधी आई दाखवा

कुत्रा कोणत्या जातीचा घ्यावा, हे मला सारखं विचारलं जातं. कुठून घ्यावा, असं विचारणारा क्वचितच भेटतो. जात, रंग, केस यांवर घरात महिनाभर खल होतो आणि पिल्लू मात्र फोनवर फोटो आवडला म्हणून एका दुपारी घरी येतं. म्हणून आज तुमच्याशी बोलताना जातींना मी बाजूलाच ठेवणार आहे.

पिल्लू बघायला जाल तेव्हा पहिलं वाक्य हे म्हणा: "आधी आई दाखवा." कुत्री साधारण 63 दिवस गाभण असते आणि पिल्लं निदान आठ आठवडे तिच्याजवळ राहायला हवीत. म्हणजे सात-आठ आठवड्यांची पिल्लं जिथे आहेत, तिथे आई असायलाच हवी. "ती भावाकडे आहे", "ती अनोळखी माणसांवर धावून जाते", असं ऐकू आलं की समजा, पिल्लं दुसरीकडून घाऊक आणलेली असण्याची शक्यता दाट आहे. आणि दाखवली तरी नीट बघा. नुकतंच दूध पाजलेल्या कुत्रीची आचळं लोंबलेली असतात, पुष्कळदा केस विरळ होतात, अंगही थोडं उतरलेलं असतं. समोरची कुत्री तुकतुकीत, पोट सपाट, आणि पिल्लं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, असं असेल तर ती नुसती दाखवायला ठेवलेली असू शकते. हो, असंही करतात लोक!

इंग्लंडमध्ये तर यासाठी कायदाच झाला. 6 एप्रिल 2020 पासून तिथे सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानदार किंवा दलाल विकू शकत नाही; ते थेट पैदास करणाऱ्याकडून घ्यायचं, नाहीतर निवारा केंद्रातून. पिल्लांच्या कारखान्यातून, म्हणजे विक्रीसाठी घाऊक पैदास चालते अशा जागेतून, सोडवलेल्या लूसी नावाच्या कॅव्हॅलियर जातीच्या कुत्रीवरून त्याला 'लूसीचा कायदा' म्हणतात.

आईपाशी राहणं एवढं महत्त्वाचं का? तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकतं. मिक्सरचा आवाज, लहान मुलं, काठी घेऊन चालणारे आजोबा, दुसरी कुत्री हे सगळं तेव्हा सहज पचनी पडतं. भावंडांशी खेळताना दात किती जोरात रोवायचे, तेही तिथेच कळतं. हा काळ अंधाऱ्या शेडमध्ये गेला, तर पुढे दारावरची घंटा वाजली तरी तो पलंगाखाली शिरतो, आणि मालक माझ्याकडे येऊन म्हणतात, "हा स्वभावानेच भित्रा आहे."

आता कागदपत्रं. वंशावळीचा दाखला पूर्वज कोण ते सांगतो, तब्येतीबद्दल काही सांगत नाही. लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्ड घेताना आईबापांच्या खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे मागा. डाल्मेशियन असेल तर पिल्लाची श्रवणचाचणी झाली का ते विचारा, कारण त्या जातीत जन्मजात बहिरेपण बरंच आढळतं. पग किंवा बुलडॉग घ्यायचाच असेल, तर आईला थोडं पळवायला सांगा आणि तिचा श्वास ऐका. लसीच्या कार्डावर सहा आठवड्यांच्या पिल्लापुढे 'लसीकरण पूर्ण' लिहिलेलं दिसलं, तर मी तिथून उठेन. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते, म्हणून डोस सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागतात.

चांगला ब्रीडर, म्हणजे पैदास करणारा, ओळखायची माझी एक आवडती खूण आहे. तो तुमचीच उलटतपासणी घेतो. दिवसभर घरी कोण असतं? घर भाड्याचं आहे का? गावाला गेलात तर याला कोण बघणार? आणि लेखी देतो की कधीही सांभाळणं जमलं नाही, तर कुत्रा मला परत आणून द्या. "आज टोकन द्या, उद्या राहणार नाही" म्हणणाऱ्याला तुम्ही कोण आहात याच्याशी देणंघेणं नसतं.

निवारा केंद्रातल्या मोठ्या कुत्र्याचा विचार लोक फार लवकर सोडून देतात. मला वाटतं, पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला तोच सोयीचा. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याची उंची, ताकद, स्वभाव समोर दिसतो. पिल्लाच्या बाबतीत हा सगळा अंदाजच असतो. विचारायचं एवढंच: मुलांशी कसा वागतो, एकटा राहतो का, आधी कुणी परत आणून सोडला होता का आणि कशासाठी. ज्या केंद्रात प्रत्येक कुत्रा 'एकदम शांत' असतो, तिथे जरा जपून. आणि 'रेस्क्यू' म्हणून सतत महागड्या जातींची पिल्लंच येत असतील, तर ते दुकानच आहे.

आत्ता मागून एका ताईंनी विचारलं, "पण घाणीत पडलेलं, डोळ्यांत चिपडं आलेलं पिल्लू दिसल्यावर त्याला तिथेच टाकून यायचं?" प्रश्न अवघड आहे. तुम्ही पैसे देऊन ते पिल्लू सोडवता, विकणाऱ्याच्या वहीत मात्र ती नुसती विक्री असते. पिंजरा रिकामा होतो, आणि मागे कुठेतरी त्याची आई पुन्हा गाभण राहते. शिवाय पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाची लक्षणं लागण झाल्यावर काही दिवसांनी दिसतात. म्हणजे उलट्या आणि रक्ताची हगवण तुमच्या घरी सुरू होते, तोवर विकणारा फोन उचलेनासा झालेला असतो. तेव्हा ताई, पैसे देऊ नका. पत्ता, जाहिरात, फोन नंबर टिपून घ्या आणि त्याच दिवशी प्राण्यांवरच्या क्रूरतेची दखल घेणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे लेखी तक्रार करा. तपासणी झाली तर पिल्लाबरोबर आईही बाहेर येऊ शकते. पैसे मोजून तुम्ही तिला बाहेर काढू शकत नाही.