शेल स्क्रिप्टमधला दशांश: २६.९९ की २७.००?

[पडद्यावर टर्मिनल. किंमतयादीची फाइल उघडी.]

बॅशला, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या शेलला, अपूर्णांक येत नाहीत. दुहेरी कंसात ७ भागिले २ लिहिलं की उत्तर ३. उरलेला अर्धा मुकाट्याने गळून जातो. ७.० लिहिलं तर निदान दशांशचिन्हाशी अडून चूक तरी दाखवतो. पहिला प्रकार जास्त घातक, कारण तिथे काही बिघडलंय हे कळतच नाही.

समोरच्या यादीत दर ओळीला एक किंमत आहे. व्हाइल लूपने, म्हणजे ओळी संपेपर्यंत तेच काम पुन्हा करत, ती वाचून १८ टक्के जीएसटी काढायचाय. पहिली किंमत, १४९.९९ रुपये.

[पडद्यावर: इको, पाइप, बीसी.]

नेहमीचा मार्ग बीसी या टर्मिनलमधल्या कॅल्क्युलेटरचा. तो दशमान पद्धतीनेच मोजतो, म्हणून ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येतं, फक्त टिंबाआधीचं शून्य छापत नाही. पण १४९.९९ गुणिले ०.१८ दिलं की तो २६.९९ सांगतो. खरं उत्तर २६.९९८२, म्हणजे २७ रुपये. बीसी जास्तीची स्थळं नुसती कापतो. म्हणून आधी स्केल, म्हणजे ठेवायची दशांश स्थळं, ४ ठेवा आणि दोन स्थळांवर आणायचं काम प्रिंटएफ या छापणाऱ्या आज्ञेला द्या. भागाकार नेहमी शेवटी. स्केल २ असताना ७ भागिले ३०० गुणिले १००० केलं तर २०.०० येतं, आधी गुणलं तर २३.३३.

मोठ्या यादीत वेगळीच अडचण येते. १०,००० ओळी असतील तर बीसी १०,००० वेळा नव्याने सुरू होतो. त्यापेक्षा अख्खी फाइल एकदाच ऑक या ओळीओळीने मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रॅमला द्यावी. मात्र ऑक द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ चे, अपूर्णांक वापरतो, त्यात ०.१ नेमका बसत नाही. शून्यात ०.१ मिळवत जा, बेरीज १ झाली की थांब, असा लूप लिहिला तर तो थांबतच नाही. लूपचा मोजणारा आकडा पूर्णांकच ठेवा, दहाने भागायचं ते आत.

[पडद्यावर: १४९९९]

पैशांच्या हिशेबाला आमची पसंती याला: टिंब काढा आणि पैशांत मोजा. १४९९९ गुणिले १८, अधिक ५०, मग भागिले १००. उत्तर २७०० पैसे. मिळवलेल्या ५० मुळे अर्धा पैसा वर जातो. सगळं बॅशमध्येच, बाहेरचा एकही प्रोग्रॅम न बोलावता.

इथे टिंब काढतानाच घोळ होतो. यादीत १४९.५ असेल तर १४९५ पैसे होतात, म्हणजे १४ रुपये ९५! आधी दोन स्थळं भरून घ्या. ०.७५ चे ०७५ होतात, आणि शून्याने सुरू होणारी संख्या शेल अष्टमान, म्हणजे फक्त ० ते ७ अंकांची, धरतो. ७५ पैशांचे गुपचूप ६१ होतात. ०.०८ वर तर स्क्रिप्ट चूक देते, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही. संख्येआधी १० आणि हॅशचं चिन्ह लावलं की ती दशमान वाचली जाते.

छापताना रुपये म्हणजे १०० ने भागून येणारा भागाकार, पैसे म्हणजे बाकी. बाकीला दोन अंकांची जागा आणि पुढे शून्य हवंच, नाहीतर २७०५ पैसे २७.५ दिसतात. परताव्याची ओळ उणे असते: उणे ५ पैसे असे छापले तर ०.-५ उमटतं. उणे चिन्ह आधीच वेगळं काढून ठेवा, बेरीज-गुणाकार धन संख्येवर करा आणि छापताना ते पुन्हा लावा.

[पडद्यावर चाचणीच्या चार ओळी: १४९.९९, १४९.५, ०.७५, -०.०५]