पीळ नसलेला दोर

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत दोन महिने राहून आले. पाहिलं पुष्कळ, पण आज बोलायचंय ते सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाबद्दल.

भुसावळहून यावलला जाताना तापीचा पूल लागला की लहानपणी आम्ही खांब मोजायचो. इथं मोजायला दोनच मनोरे, २२७ मीटर उंच. दोघांमध्ये १२८० मीटरांचं अंतर, आणि तेवढ्यात खाली टेकू म्हणून काही नाही, नुसतं समुद्राचं पाणी. आम्ही पोचलो तेव्हा मनोऱ्यांची टोकं धुक्यात बुडाली होती. रंग मात्र डोळ्यांत भरत होता. आपल्या पारावरच्या मारुतीचा शेंदूर थोडा गडद केला तर दिसेल तसा. आयर्विंग मॉरो या वास्तुकारानं त्या रंगाचा आग्रह धरला होता.

मनोऱ्यांवरून गेलेल्या ज्या मुख्य दोरांना हा पूल टांगलाय, त्यांतल्या दोराचा एक कापलेला तुकडा पुलाच्या अलीकडेच मांडून ठेवलाय. माझा पाय तिथंच अडकला. व्यास ९२ सेंटिमीटर, कवेत येणार नाही एवढा. जवळ गेले तर कापलेल्या तोंडावर बारीक बारीक टिकल्या, पोलादी तारांची टोकं. एकेक तार पेन्सिलीहून बारीक, आणि अशा एका दोरात २७,५७२.

माझे वडील मोटेचा नाडा घरीच वळायचे. अंबाडीचा वाख घ्यायचे, आणि दुसरं टोक ताणून धरायचं काम माझं. पीळ ढिला पडला की ते पुन्हा उकलायला लावायचे. त्या सवयीनं मी इथंही पीळ शोधत राहिले. तो नव्हताच! सगळ्या तारा सरळ, शेजारी शेजारी. चाकावरून तार या काठाहून त्या काठाला न्यायची, परत आणायची, असं सहा महिने चाललं. मग दाबून त्यांचा गोल दोर केला आणि टोकं दोन्ही काठांवर काँक्रीटच्या प्रचंड ठोकळ्यांत अडकवली. वाखाचे धागे आखूड, त्यांना एकमेकांत धरून ठेवायला पीळ हवाच. तार लांबच लांब, तिला त्याची गरज नाही.

पुलावरून चालताना ट्रक गेला की पायाखाली थरथर जाणवते. मी कठडा सोडला नाही. १९८७ मध्ये पुलाच्या पन्नाशीला सुमारे तीन लाख माणसं एकदम वर चढली, तेव्हा मधला बाक सपाट झाला होता म्हणे. दोरांनी भार पेलला.

श्रोतेहो, माझ्या मनातून जात नाही ते मात्र जाळं. बांधकाम चालू असताना मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी खाली जाळं बांधून घेतलं. १९ कामगार त्यात पडले आणि वाचले. ११ जण गेले, त्यातले १० एकाच दिवशी, १७ फेब्रुवारी १९३७ ला, मचाण कोसळून जाळंच फाटलं तेव्हा. मे महिन्यात पूल खुला झाला. आमच्या गावात विहीर खोदताना दरड अंगावर येऊन एक माणूस गेला होता. त्याच्यासाठी कुणी काहीच बांधलं नव्हतं. त्या जाळ्याची गोष्ट ऐकताना मला तोच दिसत होता.

गावी आल्यावर वडिलांबरोबर दोर वळणाऱ्या काकांना त्या तुकड्याचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

“पीळ नाही?”

“नाही काका.”

बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, “मग टोकं लई घट्ट बांधली असतील, पोरी.”