देवदासला सबब होती
(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, देवदास म्हटलं की आपल्याला आधी बाटली दिसते. आपला तरी काय दोष? आधी सैगल, मग 1955 साली दिलीपकुमार, 2002 साली शाहरुख. पडद्यानं ती बाटली दर वेळी मोठीच करून दाखवली. पण बंगाली लेखक शरच्चंद्रांची 1917 साली छापलेली मूळ कादंबरी उघडा. दारू तिथं बरीच उशिरा येते. आधी येते एक रात्र. पार्वती एकटी, अपरात्री, थेट त्याच्या खोलीत शिरते. आणि हा पठ्ठ्या विचारतो काय, तर तुला कोणी पाहिलं नाही ना?

ती सगळं पणाला लावून आलीय आणि याला दारवानाची काळजी! पुढं कलकत्त्याला जाऊन हाच पत्र लिहितो की तुझ्यावर माझं तसं प्रेम कधी नव्हतंच. पत्र गेल्यावर पस्तावतो. पण काही म्हणा, त्याला सबब होती. बाप जमीनदार. पार्वतीचं घर शेजारचंच, त्यातून लग्नात मुलीचे पैसे घेणारं, म्हणून हलकं. घराण्याचं नाक पुढं करता येत होतं.

आता 2009 चा ‘देव डी’ हा सिनेमा घ्या. अनुराग कश्यपनं ही सबबच काढून घेतली. पंजाबातल्या बड्या घरचा, लंडनहून परतलेला हा देव. त्याची पारो सायकलवर गादी लादून शेतात जाते. एवढी धीट पोरगी हिंदी पडद्यावर फार दिसत नाही. बाप आडवा येत नाही. मोडता घालतो तो याच्याच डोक्यातला संशय. कुणीतरी पारोबद्दल बढाई मारतो, हा ती खरी मानतो आणि तिचा अपमान करतो. कादंबरीतल्या देवदासनं मासे पकडायच्या काठीनं पार्वतीच्या कपाळावर घाव घातला होता. इथं काठीचीही गरज पडत नाही.

म्हणून मला हा देव जास्त खरा वाटतो. आणि जास्त नावडतो. त्याच्यावर रडायला जागाच ठेवलेली नाही.

शेवट मात्र मला पटत नाही. नशेत गाडीखाली माणसं चिरडणारा देव, देहविक्रय करणाऱ्या चंदाला मागे बसवून मोटारसायकलवर निघतो. त्या मेलेल्यांच्या घरचं काय? शरच्चंद्र इतके मवाळ नव्हते. त्यांचा देवदास शेवटी बंगालमधल्या पांडुआ स्टेशनवर उतरतो. तिथून बैलगाडीनं हातीपोत्याला, पार्वतीच्या सासरच्या दारात. तिथंच जीव जातो. प्रेताला हात लावायला कोणी धजत नाही. चांडाळ अर्धवट जाळून टाकून देतात, वर कावळे-गिधाडं बसतात. पार्वती धावत निघते तर तिलाही घराबाहेर पडू देत नाहीत.

आणि एवढं झाल्यावर लेखक वाचकाला विनवतो की या अभाग्यासाठी प्रार्थना करा. देवदाससाठी मी ती एकदा केलीही असेल. देवसाठी होत नाही. चंदासाठी होते. शाळकरी वयात तिचा व्हिडिओ गावभर फिरला, बापानं जीव दिला, घरच्यांनी झिडकारलं. तरी ती दिवसा कॉलेजला जाते. पिऊन पडायचं कारण त्या गोष्टीत कुणाला असेल, तर तिला होतं.