हस्ताच्या पावसावरची ज्वारी

(दृश्य : मंगळवेढ्याजवळचं काळं रान, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, चालू आहे.)

हस्ताचा पाऊस पडून गेला. वाफसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी ओलसर झाली. आणि आता, पावसाळा पाठ फिरवत असताना, सोलापूरच्या काळ्या रानात पेरणी सुरू झाली आहे. बांधावर विहीर नाही, कालवा इथवर आलेला नाही, पुढच्या चार महिन्यांत पावसाचा भरवसा नाही. तरीही जानेवारीत याच रानात माणूस दिसेनासा होईल एवढी ज्वारी उभी राहते.

या पिकाचं पाणी पेरणीआधीच जमिनीत जाऊन बसलेलं असतं. बेसाल्ट हा काळा खडक झिजून तयार झालेल्या या मातीत चिकणमातीचा अंश मोठा. ओली झाली की ती फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असं साधारण दीड-दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. पेरणी ते कापणी, शेतकऱ्याच्या खात्यात जमा आहे ती एवढीच. या भागातलं सगळं शेतीसंशोधन या शिलकीभोवती फिरत आलं आहे.

(दृश्य : जुने नकाशे, दुष्काळाची छायाचित्रं.)

१८७६-७८चा दुष्काळ, मग १८९६चा, मग १८९९चा. दख्खनचा हा पट्टा पुन्हा पुन्हा होरपळला. सरकारी उत्तर बराच काळ एकच होतं : दुष्काळी कामं काढा, खडी फोडायला लावा. पाऊस कमी पडला तरी पीक कसं तगवायचं, हा प्रश्न प्रयोगाच्या शेतात यायला विसावं शतक उजाडलं. १९२३मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले आणि १९३३मध्ये सोलापुरात संशोधन केंद्र उभं राहिलं.

त्यातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ नावाने ओळखली जाणारी शिफारस आली. समपातळीत, म्हणजे उताराला आडवे, बांध घाला, अधूनमधून खोल नांगरट करा, शेणखत द्या, बियाणं कमी वापरा, दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, कोळपण्या, म्हणजे ओळींमधली माती हलवणं, वाढवा. सल्ला चुकीचा नव्हता, पण उत्पन्न वाढलं ते बेताचंच, आणि तेवढ्यासाठी बांधबंदिस्तीचा खर्च कोण करणार? शिवाय खोल काळ्या जमिनीत समपातळी बांधांनी वेगळीच अडचण केली. बांधाला पाणी तुंबायचं, पीक पिवळं पडायचं, मोठा पाऊस झाला की बांध फुटायचा. शेतकरी ऐकत नाहीत, अशी तक्रार तेव्हाही होत असे. खरं तर त्यांचा हिशेब चोख होता.

पुढच्या संशोधनाने बांधाकडून शेताच्या आत नजर वळवली. पावसाळ्यात रान मोकळं असतं. तेव्हाच त्यात छोटे चौकोनी वाफे, म्हणजे सारे, पाडून ठेवायचे. पाऊस पडेल तिथेच अडतो, तिथेच मुरतो. बांधाला पाणी तुंबण्याचा प्रश्न राहत नाही.

(दृश्य : कोळपं जवळून. मग जमिनीतली भेग, शेजारी हाताचा पंजा.)

आता हे कोळपं, म्हणजे कोळपणीचं अवजार, बघा. दिसायला साधं, पण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत त्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीचं कोळपं. पाचव्या आठवड्यात पासेचं. आठव्या आठवड्यात दातेरी. पहिली कोळपणी तणासाठी, कारण तण याच शिलकीतून पाणी पितं. दुसरी वरची माती भुसभुशीत करते, त्यामुळे खालचा ओलावा वर चढून उडून जात नाही. आणि तिसरी भेगांसाठी. या दिवसांत रान तडकायला लागलेलं असतं. भेग खोल गेली की तळातली ओल त्या वाटेने निघून जाते आणि मुळं तुटतात. दातेरी कोळपं माती ओढून भेगा बुजवतं. पाण्याचा थेंब न देता दिलेलं पाणीच म्हणा ना!

दाणा भरायच्या वेळी ओल संपली तर नुसतं उत्पन्न घटत नाही. जमिनीतली बुरशी ताटात, म्हणजे ज्वारीच्या धाटात, शिरते, बुंधा आतून पोकळ होतो आणि उभं पीक आडवं होतं. शेतकरी याला खडखड्या म्हणतात. ओल टिकवणं हाच त्यावरचा मोठा इलाज.

(दृश्य : कणसांचे ढीग, मोत्यासारखा दाणा. भाकरी थापणारे हात.)

वाणांची गोष्ट याहून रंजक आहे. १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण काढला गेला. १९६४मध्ये देशात ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-१, आला आणि खरिपात संकरित ज्वारीने उत्पन्नाचं चित्र बदललं. रब्बीत मात्र मालदांडी हटली नाही. संकरित वाणांना खोडमाशी जास्त लागे. दाण्याला ती चकाकी नव्हती आणि भाकरीला ती चव नव्हती. आणि कडबा, म्हणजे वाळल्या ताटांची वैरण? जनावरं दावणीला असलेल्या घरात कडब्याची किंमत दाण्याच्या बरोबरीने धरतात. प्रयोगशाळेत फक्त हेक्टरी क्विंटल मोजणाऱ्याला हे उशिरा कळलं.

म्हणून आताची शिफारस आधी जमिनीची खोली विचारते. तीस सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या रानात फुले अनुराधा, कारण ती १०५ ते ११० दिवसांत ओल संपायच्या आत पदरात पडते. मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, परभणी मोती किंवा मालदांडी. भारी जमिनीत फुले वसुधा, फुले यशोदा. हुरड्यासाठी फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी. एकच वाण सगळ्यांच्या गळ्यात मारण्यापेक्षा हे किती शहाणपणाचं! खताचंही तसंच : निम्मं नत्र सुबाभळीच्या पाल्यातून, निम्मं युरियातून, हा सोलापूरच्या प्रयोगांतला पर्याय विकतच्या खताचा भार हलका करतो आणि मातीतला सेंद्रिय अंशही राखतो.

(दृश्य : उसाचं शेत, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. मग ज्वारी उपटणाऱ्या बाया.)

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, शहरातल्या हॉटेलात भाकरी मिरवू लागली. पण राज्यातलं ज्वारीचं क्षेत्र वर्षानुवर्षं घटत आलं आहे. पाणी पोचलं तिथे ऊस गेला. आणि जिथे पाणी पोचलं नाही, तिथे प्रश्न काढणीचा आहे.

कडबा पुरा मिळावा म्हणून इथे ज्वारी मुळासकट उपटतात. भर उन्हात, वाकून, तळहात सोलवटून घेत. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. मोठं कापणी यंत्र लावायचं तर ताटं बुटकी हवीत, आणि बुटकी ताटं म्हणजे कडब्यावर पाणी सोडणं. उंच ताट न मोडता काढील आणि तीन-चार एकरवाल्याला भाड्याने परवडेल, असं यंत्र या रानांना हवं आहे. ओलीचा हिशेब संशोधकांनी बराच सोडवला, यंत्राचा अजून नाही. यंदाच्या हंगामातही या बाया हातांनीच ज्वारी उपटत आहेत.