पिकल्या दाढ्यांची पलटण

वय वर्षं 80. नाव कर्टिस किंग. अमेरिकेच्या आयोवा राज्यात 1862 च्या नोव्हेंबरात हे आजोबा साधे शिपाई म्हणून फौजेत भरती झाले. हिशेब केला, तर ते जन्मले तेव्हा इंग्रजांशी चाललेलं अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्धसुद्धा पुरतं मिटलेलं नव्हतं.

आता अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाचं दुसरं वर्ष चालू होतं; आयोवा उत्तरेच्या बाजूला. फौजेत शिरायची वयोमर्यादा 45. पण तरणी पोरं आघाडीवर गेल्यावर कैदखाने, कोठारं, रेल्वे राखायची कुणी? आयोवानं खास परवानगी काढली आणि पंचेचाळिशी उलटलेल्यांची वेगळी पलटण उभी केली. काम फक्त पहाऱ्याचं.

मिसिसिपीकाठच्या मस्कटीन गावात जमलेली ही 37वी आयोवा पायदळ पलटण. शंभरावर माणसं साठीपुढची. लोक त्यांना 'ग्रेबिअर्ड्स' म्हणू लागले. पिकल्या दाढ्या!

पहारा म्हणजे बसून खायचं काम, असं वाटतं ना? पलटणीचा पहिला पहारा सेंट लुईस शहरात. तिथली जानेवारीतली थंडी डोळ्यांपुढे आणा. दोन तास बंदूक खांद्यावर घेऊन उभं राहायचं, चार तास सुटका, की पुन्हा दोन तास. रात्रभर. साठीतल्या गुडघ्यांवर, साठीतल्या छातीवर. सुटकेचे चार तास जायचे ते गर्दीच्या बराकीत, एकमेकांचा खोकला ऐकत.

किंग आजोबांची तब्येत तीन-चार महिन्यांतच ढासळली. मार्च 1863 मध्ये त्यांचं नाव पटावरून कमी झालं. पलटण मात्र पुढे सरकत राहिली.

नदीच्या वरच्या अंगाला ऑल्टन. तिथला जुना तुरुंग युद्धकैद्यांनी खचाखच भरलेला, आणि आत देवीची साथ. रोगी नदीतल्या एका बेटावर नेऊन ठेवायचे. मग रॉक आयलंडचा कैदखाना, तिथेही देवीच. पुढे दक्षिणेतल्या मेम्फिस शहराचा उन्हाळा. भिंतीच्या आतल्या कैद्याला आणि बाहेरच्या पहारेकऱ्याला हवा तीच होती. रोगांमागे जंतू असतात, हे बहुतेक डॉक्टरांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

गोळ्याही खाल्ल्या त्यांनी. जुलै 1864 मध्ये मेम्फिसहून रसद घेऊन निघालेल्या आगगाडीवर दबा धरून बसलेल्यांनी गोळीबार केला. दोघे गेले.

अडीच वर्षांत शत्रूच्या हातून पलटणीचे 3 जण मेले. आजारानं 145. शिवाय शेकडो जणांना प्रकृतीमुळे मुदतीआधीच घरी धाडावं लागलं. म्हाताऱ्यांना सुरक्षित जागी ठेवलं होतं, ते असं.

24 मे 1865 ला डॅव्हनपोर्टमध्ये उरलेल्यांनी बंदुका जमा केल्या. यातले बरेचसे शेतकरी. आयोवात तेव्हा मक्याच्या पेरणीचे दिवस होते.